लिंगोचे भाऊ आणि वेताळाचा एकटेपणा

चर्चासत्रांतून आणि प्राध्यापक-कक्षांतून एक सिद्धान्त अलीकडे फार सहजपणे मांडला जातो. तो असा : भारतीय कथापरंपरा बंधुप्रेमाची आहे आणि अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सची परंपरा बंधुद्वेषाची. आपल्याकडे भरत थोरल्या भावाच्या पादुका सिंहासनावर ठेवतो. त्यांच्याकडे लोकी थॉरच्या सिंहासनावर डोळा ठेवतो. या तुलनेतून मग उपदेश निघतो की, मुलांच्या हातांतून ही रंगीत चोपड्या काढून घ्याव्यात आणि त्यांना 'आपल्या' कथा द्याव्यात. श्रोते माना डोलावतात आणि चहाची सुटी होते.

हा सिद्धान्त आम्हांला तीन कारणांसाठी अमान्य आहे. एक तर तो मांडणारे रामायण नीट वाचत नाहीत. दुसरे, ते कॉमिक्स मुळीच वाचत नाहीत. तिसरे कारण आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. 'आपली परंपरा' असे म्हणताना ही मंडळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात शेकडो वर्षे गाइली गेलेली कथा हिशेबातच धरत नाहीत. आम्ही याच जिल्ह्यांत मराठी शिकवतो. आमच्या वर्गात हेमलकसा, भामरागड, एटापल्ली या भागांतून विद्यार्थी येतात. त्यांच्या घरी माडिया बोलली जाते. 'आपल्या' या शब्दात हे विद्यार्थी बसतात की नाही, हा आमच्या दृष्टीने या वादाचा खरा मुद्दा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत 'भाऊबंद' म्हणजे नात्यातली, रक्ताची माणसे. त्याच शब्दाला 'की' हा प्रत्यय लागला की 'भाऊबंदकी' होते आणि तिचा अर्थ होतो वाटणीवरून चाललेले वैर. ज्या भाषेने भावांच्या समूहवाचक नामापासून भांडणाचे नाव तयार केले, त्या भाषेच्या भाषकांनी बंधुप्रेमाची मक्तेदारी सांगावी, ही गंमतच आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिले तेव्हा त्याचे नाव 'भाऊबंदकी' असेच ठेवले. त्याचा विषय होता ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि चुलते राघोबादादांवर त्याचा आलेला दोष. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने (१९६७) मराठी वाचकाला महाभारत दाखवले, तेही भाऊबंदांच्या कलहाची मानवी कथा म्हणूनच. म्हणजे ज्यांना आपण आपले म्हणतो त्या लेखकांना हा विषय परका कधीच वाटला नव्हता.

आता रामायण. भरताचा त्याग सर्वांना ठाऊक आहे. त्या त्यागाआधी भरतावर किती जणांनी संशय घेतला हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात आजोळाहून परतलेल्या भरताला कौसल्या बोल लावते. सैन्य घेऊन तो गंगेकाठी येतो तेव्हा निषादराज गुहाला शंका येते की, हा रामाला मारायला तर निघाला नाही? भरद्वाजांसारखा ऋषीही त्याच्या हेतूची चौकशी करतो. शेवटी चित्रकूटावर लक्ष्मण झाडावर चढतो, सैन्य पाहतो आणि भरताचा वध करण्याची भाषा बोलू लागतो. ज्या लक्ष्मणाला आपण बंधुभक्तीचा आदर्श मानतो, तोच दुसऱ्या भावाच्या रक्ताला आसुसलेला दिसतो. वाल्मीकींचे मोठेपण असे की, त्यांनी भरताचा विश्वास आयता दिला नाही; त्याला चार दारांवर तो सिद्ध करावा लागला. संशय वगळून भरत शिकवणे म्हणजे प्रश्न वगळून उत्तर शिकवणे होय.

किष्किंधेत तर संपूर्ण शोकांतिका अविश्वासाचीच आहे. मायावी राक्षसाच्या मागे वाली बिळात शिरतो, सुग्रीव वर्षभर दाराशी थांबतो, रक्त वाहत आलेले पाहतो, भाऊ मेला असे समजून शिळा लोटतो आणि परततो. मंत्री त्याला राज्याभिषेक करतात. वाली जिवंत परत येतो आणि त्याला एकच अर्थ दिसतो : भावाने मला गाडले. सुग्रीव खोटे बोलत होता असे म्हणायला संहितेत आधार नाही. पण त्याने शिळा लोटण्यात घाई केली नाही, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. या अनिश्चिततेतच त्या कथेचा जीव आहे. शेवटी रामायणानेच आपल्याला 'बिभीषण' हे नाव दिले आणि व्यवहारात आपण ते भक्ताला न लावता घरभेद्याला लावतो. नीतीसाठी कुळ सोडणारा भाऊ श्रेष्ठ, की अन्याय ओळखूनही कुळासाठी मरणारा कुंभकर्ण? हा प्रश्न रामायणाने मोकळा ठेवला आहे.

तेव्हा 'आपले प्रेम, त्यांचा द्वेष' ही विभागणी पहिल्याच कसोटीला उतरत नाही. आता दुसऱ्या बाजूकडे वळू.

कॉमिक्स न वाचता त्यांच्यावर बोलणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आलेली नसते. सुपरहिरोंच्या आद्य पिढीत बंधुद्वेष नाही, कारण भाऊच नाही. १९३८ मध्ये आलेला सुपरमॅन हा नष्ट झालेल्या ग्रहाचा एकुलता वारस. १९३९ चा बॅटमॅन आईबापांचा एकुलता मुलगा आणि अनाथ. १९६२ चा स्पायडरमॅनही एकुलता आणि अनाथच. हे अपघाताने झालेले नाही. अमर्याद सामर्थ्य ज्याच्या हाती द्यायचे त्याला वाटेकरी नसलेला बरा. भाऊ आला की हिस्सा आला, ज्येष्ठ-कनिष्ठ आले, 'तुला का आणि मला का नाही' हा प्रश्न आला. सुपरहिरोची मूळ कल्पना या प्रश्नापासून पळ काढण्यासाठीच रचलेली आहे, असे आमचे मत आहे.

पळ फार काळ टिकत नाही. १९६२ मध्येच स्टॅन ली, जॅक कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थॉर आणला आणि त्याच वर्षी त्याच्यासमोर लोकी उभा केला. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. जुन्या नॉर्स पुराणकथांत लोकी हा थॉरचा भाऊ नाही. उलट रक्ताची शपथ घेऊन तो थॉरच्या बापाचा, ओडिनचा, बंधू झालेला आहे. कॉमिक्सने त्याला एक पिढी खाली उतरवले, शत्रूचा मुलगा आणि ओडिनचा दत्तक पुत्र केले, आणि थॉरच्या शेजारी वाढवले. पुराणात नसलेला भाऊ कॉमिक्सला निर्माण करावा लागला. याचा अर्थ उघड आहे. एकुलत्या देवाची कथा पुढे सरकेना. दत्तक भावाचे दुखणे, म्हणजे 'मी घरातला आहे की नाही' हा प्रश्न, आणल्यावर ती सरकली आणि ती साठ वर्षांहून अधिक काळ सरकते आहे.

आमची कॉमिक्सविषयीची खरी तक्रार येथे सुरू होते आणि ती नीतिवाद्यांच्या तक्रारीहून अगदी वेगळी आहे. कॉमिक्समध्ये भाऊ भांडतात याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. ते भांडण कधी संपूच शकत नाही, ही आमची तक्रार आहे. मासिकाचा पुढचा अंक खपायचा आहे. लोकी पश्चात्ताप करतो, मग पुन्हा उलटतो. मरतो, मग पुन्हा येतो. संशयाचे निराकरण झाले तर धंदा बसतो. या व्यवस्थेचे टोक पाहायचे असेल तर १९८८ चा बॅटमॅनचा प्रसंग पाहावा. डिक ग्रेसननंतर रॉबिन झालेला जेसन टॉड, म्हणजे त्या दत्तक कुटुंबातला धाकटा, जगावा की मरावा हे प्रकाशकांनी वाचकांना दूरध्वनीवरून मत देऊन ठरवायला सांगितले. मरणाच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जगण्याच्या बाजूने ५,२७१. बहात्तर मतांनी धाकटा भाऊ मेला. २००५ मध्ये तो परत आला, तो सूड घेऊनच. त्याचा पालकाला एकच सवाल होता : मला मारणारा अजून जिवंत कसा? सवाल न्याय्य आहे. पण त्या कथाविश्वात त्याला उत्तर नाही, कारण मारणारा जोकर हा खपणारा खलनायक आहे.

मरून परत आलेल्या भावाने काय करावे, हा प्रश्न येथे ध्यानात ठेवावा. पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

आता हेमलकशाकडे येऊ. मराठी वाचकाच्या मनातले पहिले सुपरहिरो कॉमिक थॉरचे नाही, वेताळाचे आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा 'फँटम' १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून भारतीय भाषांत आला आणि १९९० पर्यंत घरोघर वाचला गेला. मराठीत तो वेताळ झाला. जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा गोरा माणूस, भोवती त्याला अमर मानणारे ठेंगणे वनवासी, पायाशी लांडगा. बापामागून मुलगा असा एकवीस पिढ्यांचा वारसा. रूढ कथासूत्रात प्रत्येक पिढीला एक मुखवटा आणि एक वारस. वाटणीचा प्रश्न उद्भवतच नाही. आणखी एक गोष्ट पाहा. मूळ इंग्रजी कथेत 'ब्रदरहुड' म्हणजे बंधुसंघ हा शब्द येतो तो चाच्यांसाठी, खलांसाठी. नायक एकटा आणि बंधुत्व गुन्हेगारांचे! जंगलातल्या माणसांना या कथेत नायकाचे भाऊ होता येत नाही. त्यांना त्याचे भक्त, पहारेकरी किंवा खबरे होता येते, इतकेच.

आमचा आरोप असा आहे की, मराठी मध्यमवर्गाने हेमलकसा वेताळाच्या चौकटीतच वाचले. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो अर्धशतक चालवला. २००८ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम थोर आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न त्या कामाच्या वाचनाचा आहे. आपल्या दिवाणखान्यांत त्यातले पोहोचले ते बिबट्यासोबतचे छायाचित्र. २०१४ मध्ये त्यावर चित्रपट आला तेव्हा त्याच्या शीर्षकात 'द रिअल हीरो' असे शब्द होते. नायक एकटा, भोवती जंगल, पायाशी श्वापद आणि पार्श्वभूमीला नावे नसलेले माडिया. चौकट ओळखीची वाटते ती यामुळेच.

आणि प्रकल्पाचे नाव काय? लोकबिरादरी. 'बिरादर' म्हणजे फारसीत भाऊ. संस्थापकांनी भावकीचा शब्द निवडला. वाचकांनी त्यातून एकटा वीर काढला. ज्या नावात बंधुत्वाचा दावा आहे त्या नावाला जर कोणी गंभीरपणे घेणार असेल, तर त्याने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : या जंगलातली माणसे स्वतः भावाविषयी काय सांगतात?

ती लिंगोची कथा सांगतात.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरच्या महाविद्यालयामुळे विदर्भात सर्वांच्या ओठांवर आहे. त्याच हिस्लॉपने गोंडांचे लिंगोगीत नोंदवून ठेवले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपलने ते प्रसिद्ध केले, हे मात्र मराठीच्या किती पदवीधरांना ठाऊक असते? व्हेरियर एल्विनने बस्तरच्या मुरियांकडून ऐकलेली रूपे १९४७ च्या ग्रंथात दिली. फ्यूरर-हायमेंडॉर्फने १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांची परंपरा मांडली. मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगोला गोंडी धर्माचा तत्त्ववेत्ता म्हणून पुढे आणले. कथेची रूपे अनेक आहेत. प्रधान गायक ती किंगरीवर गात आले.

हिस्लॉपच्या रूपात लिंगो फुलातून जन्मतो. त्याला आईबाप नाहीत. म्हणजे सुरुवात अगदी सुपरमॅनसारखी. पण पुढे तो जे करतो ते एकही सुपरहिरो करत नाही : तो भाऊ शोधतो. काचीकोपा लोहागडावर चार गोंड बंधू लपून राहिलेले असतात. लिंगो त्यांच्यात पाचवा होतो. त्यांना विस्तव हवा म्हणून तो रिकाड गवाडी नावाच्या राक्षसी म्हाताऱ्याकडे जातो आणि वाद्य वाजवून त्याला नाचायला लावतो. म्हाताऱ्याच्या सात मुली तो भावांना देतो आणि स्वतः अविवाहित राहतो. नंतर भावजया त्याच्या झोपाळ्याशी येऊन त्याची छेड काढतात, तो त्यांना झिडकारतो आणि मारतो. त्या नवऱ्यांना उलटेच सांगतात. भाऊ विश्वास ठेवतात तो बायकांच्या शब्दावर. शिकारीच्या निमित्ताने रानात नेऊन ते लिंगोला बाणांनी मारतात आणि त्याचे डोळे काढतात. मुरियांच्या रूपात भाऊ सात आहेत, लिंगो सर्वांत धाकटा आहे आणि तो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवतो. तेथेही भावजया त्याच्या संगीताने मोहित होतात, भावांना संशय येतो आणि ते त्याला प्राणांतिक परीक्षांतून जायला लावतात. गोटुलाचा संस्थापक म्हणून मुरिया याच लिंगोला मानतात.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एकदम अनेक दारे उघडी दिसतील. युसुफला विहिरीत टाकणारे भाऊ आणि त्याच्यावर खोटा आळ घेणारी धन्याची पत्नी ही दोन्ही सूत्रे येथे एकाच प्रसंगात विणलेली आहेत. तिष्यरक्षितेच्या कारस्थानामुळे डोळे गमावलेला अशोकपुत्र कुणाल आठवेल. सर्व दोष स्त्रीच्या माथी मारून भावांच्या खुनाला सबब पुरवणारी ही जुनी युक्ती आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. आदिवासी कथा म्हणून तिला त्यात सवलत देण्याचे कारण नाही. वर्गात तिच्यावर तितक्याच कठोरपणे बोलावे, जितके रामायणातल्या अग्निपरीक्षेवर बोलतो.

मात्र या कथेची थोरवी त्यापुढे आहे. देवांच्या सभेतून कावळ्याकरवी अमृत येते आणि लिंगो जिवंत होतो. जेसन टॉडप्रमाणे तोही मारलेला आणि परतलेला. त्याला सूड घ्यायचा हक्क आहे, सामर्थ्य आहे. पण तो त्या भावांकडे परत वळत नाही. त्याला दुसऱ्याच भावांची आठवण होते, महादेवाने गुहेत कोंडून ठेवलेल्या सोळा विसा गोंडांची. त्यांच्या सुटकेसाठी तो तप करतो, मोठ्या सर्पाला मारून प्रचंड पक्ष्याची पिले आणतो, गुहेचे दार उघडतो. आणि मुक्त झालेल्यांना घेऊन पूर ओलांडल्यावर तो त्यांना कुळांत विभागतो, कोणी कोणाशी सोयरीक करायची आणि कोणाला भाऊ मानायचे याचे नियम घालून देतो. अखेरीस पुरातून पार नेणाऱ्या कासवाला दिलेले वचन पाळा असे बजावून तो निघून जातो.

या कथेत विश्वासघात हा शेवट नसून मधला टप्पा आहे. चार भावांवर टाकलेला विश्वास फुकट गेला. म्हणून लिंगोने भाऊपण चार माणसांच्या मनावर सोपवणे बंद केले आणि त्याला समाजव्यवस्थेचे रूप दिले. आजही गोंडांमध्ये चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे सगे आहेत. एका सग्यातले लोक परस्परांचे भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही. बस्तरमध्ये आणि इंद्रावतीकाठच्या माडियांतही भावकीच्या कुळांना 'दादाभाई' आणि सोयरिकीच्या कुळांना 'अक्कोमामा' म्हणण्याची रीत आहे. भाऊ म्हणजे मनात दाटून येणारी भावना, ही कल्पना येथे नाही. भाऊ म्हणजे ज्याच्याशी कसे वागायचे हे ठरलेले आहे असा माणूस. तो आवडो वा न आवडो, ते ठरलेलेच राहते. थॉर आणि लोकी यांच्यात असे काही ठरलेले नाही, म्हणून प्रत्येक अंकात त्यांना एकमेकांचे मन नव्याने चाचपावे लागते.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप गोंडी समाजातूनच येतो. हिस्लॉपचे गीत एका मिशनऱ्याने नोंदवले. त्यात महादेव, भगवान, अमृत ही नावे बाहेरच्या छापाची आहेत. लिंगो हा खरे तर पेन आहे, पूज्य आहे, त्याला कॉमिक्समधल्या वीरांच्या पंगतीत बसवणे अवमानकारक आहे. पहिल्या अर्ध्या भागाशी आम्ही सहमत आहोत. म्हणूनच एका नोंदीला मूळ न मानता सर्व रूपे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत आणि आजच्या गोंडी अभ्यासकांचे म्हणणे हिस्लॉपच्या बरोबरीने ठेवले पाहिजे. उरलेल्या अर्ध्याविषयी इतकेच म्हणू की, १९६७ पासून 'अमर चित्र कथा'ने कृष्ण आणि राम चित्रचौकटींत आणले तेव्हा अवमान झाला असे फारसे कोणी म्हटले नाही. चित्रकथेत येण्याने देव लहान होत नाही. त्याला कोण काढतो आणि कोणाला विचारून काढतो, हा प्रश्न मात्र खराच आहे. त्याचे उत्तर गोंडी समाजाने द्यायचे आहे, आम्ही नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांचा. ते म्हणतात, लिंगो लोकसाहित्यात आहेच की! आमच्या पाहण्यात तो येतो तो असाच : 'आदिवासींच्या समजुती' या मथळ्याखाली, पाच गुणांच्या टिपेपुरता. वाली-सुग्रीवाची चिकित्सा होते, कर्णाच्या व्यथेवर प्रबंध होतात, लिंगोची मात्र 'माहिती' दिली जाते. ज्या कथेची माहिती दिली जाते तिच्याशी वाद घालता येत नाही, तिच्यावर प्रेमही करता येत नाही. तिला साहित्य म्हणण्याचे नाकारणारी ही नम्र रीत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. ज्या भूमीचे नाव विद्यापीठाला दिले जाते, तिची कथा साहित्याच्या मुख्य पत्रिकेत असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हा वाद केवळ अभ्यासक्रमाचा असता तर आम्ही इतका आवाज चढवला नसता. या जिल्ह्यात भाऊ हा शब्द साधा राहिलेला नाही. गेल्या चार दशकांत गावकरी नक्षलवाद्यांना 'दादालोक' म्हणत आले. तेलुगूत त्यांना 'अन्ना' म्हणत. दोन्ही शब्दांचा अर्थ थोरला भाऊ. दुसऱ्या बाजूने १९९० मध्ये सी-६० हे पोलीस पथक उभे राहिले, तेही याच जिल्ह्यातल्या तरुणांतून. एकाच सग्यातली मुले दोन्ही बाजूंना असू शकत होती. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. 'खबऱ्या' या एका शब्दावर माणसे मारली गेली, म्हणजे पुन्हा कोणी तरी कोणाविषयी तरी काही सांगितले आणि ते खरे मानले गेले, इतक्यावरच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्यांचे थोरले बंधू कोटेश्वर राव ऊर्फ किशनजी नोव्हेंबर २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये मारले गेले होते. शस्त्र ठेवणाऱ्या धाकट्याला जुन्या पक्षाने गद्दार ठरवले. निष्ठा कोणाशी, याचे कोडे येथे चित्रचौकटीत नाही, घराघरांत आहे.

अशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्यासमोर आम्ही भरताच्या पादुका ठेवाव्यात आणि म्हणावे, पाहा, आपल्यात संशय नसतोच? त्याला ते खोटे आहे हे कळते. तो फक्त गप्प बसतो. मोबाइलच्या पडद्यावर तो थॉर आणि लोकी पाहतो, कारण तेथे निदान भाऊ भावाला फसवतो हे कबूल केलेले असते. त्याची ही आवड आम्हांला बालिश वाटत नाही. त्याला त्यातून जे मिळत नाही ते आहे संशयानंतरचे पाऊल : खोट्या साक्षीवर मारले गेल्यानंतर माणसे एकत्र कशी राहतात, नियम कोणी आणि कसे घालायचे, वचन कोणाला द्यायचे. ते त्याच्या आजीच्या बोलीत, त्याच्या कुळाच्या नियमांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही मात्र त्याला ते साहित्य म्हणून कधी दाखवले नाही, तर तो ते मागासलेपणाची खूण समजून लपवायला शिकेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वाली-सुग्रीव, थॉर-लोकी आणि लिंगो-बंधू ही तीन संहितात्रये एकाच पत्रिकेत, एकाच कसोटीने शिकवावीत. कॉमिक्सला बालवाङ्मय म्हणून हाकलू नये आणि लिंगोला लोकसमजूत म्हणून गुंडाळू नये. चित्रकथेचे रूपही उसने घ्यावे लागणार नाही. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या प्रधान गोंड चित्रकारांनी २०११ मध्ये 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांचे चरित्र रेखाटले तेव्हा माणसांना चौकोनी खोक्यांत कोंबायचे नाकारले आणि आपल्या दिग्ण्याच्या वळणांनी पाने विभागली. महाडच्या तळ्याची कथा ज्यांनी अशी सांगितली, त्यांच्या परंपरेला लिंगोची कथा सांगण्यासाठी वेताळाची चौकट लागणार नाही.

जे सहकारी अजूनही 'आपल्याकडे असे नसते' असे म्हणतील, त्यांनी येत्या चर्चासत्रात भामरागडच्या एखाद्या विद्यार्थिनीला बोलू द्यावे. तिने सात देवांचे आणि सहा देवांचे भाऊ कोण ते सांगावे, लिंगोचे डोळे कोणी काढले ते सांगावे, आणि भावजयांच्या आळाविषयी तिचे स्वतःचे मत काय तेही सांगावे. त्या दिवशी प्रश्न तिने विचारावेत आणि उत्तरे प्राध्यापकांनी द्यावीत.